पाणलवंगेचे गोत्र

वनस्पतिशास्त्राचा इतिहास म्हणजे लॅटिन नावांची जंत्री, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे; आणि शाळांतून हा विषय ज्या रीतीने शिकविला जातो, ती पाहता विद्यार्थ्यांना दोष देता येत नाही. वस्तुतः नाव ही नुसती खूणचिठ्ठी नव्हे. नाव ठेवणाऱ्याने त्या वस्तूकडे पाहताना काय टिपले, याची ती नोंद असते. वर्गीकरण म्हणजे अशा अनेक नोंदींची पारख. कोणते साम्य वरवरचे आणि कोणते रक्ताच्या नात्याचे, याचा तो दीर्घकाळ चाललेला निवाडा होय. ईव्हनिंग प्रिमरोज या सायंकाळी उमलणाऱ्या फुलावरून पाश्चात्त्य देशांत ओळखले जाणारे ऑनेग्रेसी हे वनस्पतिकुळ या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. या कुळाची बहुतेक मंडळी अमेरिका खंडात आणि थंड प्रदेशांत राहणारी असली, तरी त्याची एक शाखा आपल्या भातखाचरांच्या बांधापर्यंत येऊन पोहोचलेली आहे.

पावसाळा ओसरू लागला म्हणजे ओढ्याकाठी, तळ्याच्या कडेला आणि खाचरांतील पाण्यात पिवळ्या फुलांची काही रोपे दिसतात. फुलाला बहुधा चार पाकळ्या असतात व त्या लवकर गळून पडतात. मागे राहते ते लांबट बोंड आणि त्याच्या टोकाशी न गळता तशीच राहिलेली चार हिरवी संदले. हे बोंड हाती घेऊन पाहिले, तर मसाल्याच्या डब्यातील लवंगेची आठवण होते. म्हणूनच मराठीत या रोपांना पाणलवंग म्हणतात. हिंदीत त्यांस बनलौंग म्हणतात, तर तमिळ व मलयाळम भाषांतील नावांचा अर्थही ‘पाण्यातील लवंग’ असाच आहे. परस्परांपासून इतक्या दूरच्या भाषांनी एकाच वस्तूकडे पाहून एकच साम्य टिपावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या दाक्षिणात्य नावाने सतराव्या शतकातच युरोपची वाट धरली. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या दुसऱ्या खंडात पाण्यावर पसरणारी एक पाणलवंग ‘नीर-कराम्बू’ या नावाने चित्रित झाली आहे. ‘नीर’ म्हणजे पाणी आणि ‘कराम्बू’ म्हणजे लवंग. गोमंतकीय वाचकांस या ग्रंथाविषयी विशेष आपुलकी वाटावी, असे एक कारण आहे. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीनवासी कोंकणी वैद्यांनी त्यासाठी श्रम घेतले. १६७५ साली या तिघांनी नागरी लिपीत व कोंकणी भाषेत लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात मुद्रित झालेले आहे.

पुढे स्वीडनच्या लिनीअसने ऱ्हीडच्या चित्रांचा भरपूर उपयोग केला. १७५३ साली त्याचा ‘स्पीशीज प्लँटारम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि वनस्पतींच्या द्विपदी नावांची पद्धत स्थिर झाली. त्याची वर्गीकरणाची रीत अतिशय सोयीची होती. फुलातील पुंकेसर मोजावयाचे आणि मुख्यतः त्या संख्येवरून वर्ग ठरवावयाचा. नवशिक्यालाही अनोळखी झाडाचे स्थान काही क्षणांत शोधता यावे, इतकी ती सुलभ होती. पण सोय आणि सत्य यांची नेहमीच सांगड पडते असे नाही. आज ऑनेग्रेसीत गणल्या जाणाऱ्या वनस्पती या मोजणीमुळे चार ठिकाणी विखुरल्या. सिर्सिया दोन केसरांच्या वर्गात गेली, लुडविजिया चार केसरांच्या, ईनोथेरा व एपिलोबियम आठ केसरांच्या, तर जुसिया दहा केसरांच्या वर्गात. एका बांधावर शेजारी वाढणाऱ्या दोन पाणलवंगांपैकी एक लुडविजिया ठरली व दुसरी जुसिया, आणि त्यांच्यामध्ये वर्गाची भिंत उभी राहिली. ज्यांस शेतकरी एकाच नावाने ओळखीत होता, त्या बहिणींस पंडिताने परक्या ठरविले!

ही रीत कृत्रिम आहे, याची जाणीव खुद्द लिनीअसलाही होती. नैसर्गिक वर्गीकरणाच्या दिशेने ठाम पाऊल टाकले ते फ्रान्समधील जुसिये घराण्याने. बेर्नार द जुसिये याने १७५९ साली व्हर्सायच्या राजोद्यानात वनस्पतींची मांडणी त्यांच्या एकंदर साम्यावरून केली. त्याचा पुतण्या आंत्वान-लोरां याने १७८९ साली आपल्या ग्रंथात तो विचार शास्त्रीय स्वरूपात मांडला. लक्षणे मोजू नयेत, तोलावीत, हे त्याचे सूत्र. एखादे लक्षण किती स्थिर आहे, यावर त्याचे वजन अवलंबून असते. फुलाच्या खाली असलेला बीजकोश आणि चाराच्या पटीत बसणारी फुलाची रचना अशी लक्षणे एकत्र तोलली, तेव्हा विखुरलेली भावंडे एका छपराखाली आली. आजही या कुळाच्या स्थापनेचे श्रेय त्याच १७८९ च्या ग्रंथाला दिले जाते.

मात्र घर बांधले, तरी त्यात कोणी राहावे हा वाद संपला नाही. एकोणिसाव्या शतकात बेंथम व हुकर यांनी आपला शिंगाडाही या कुळात घातला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनीही मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात तेच स्थान कायम ठेवले. शिंगाड्याची उचलबांगडी झाली ती सूक्ष्मदर्शकामुळे. ऑनेग्रेसीच्या बीजांडातील गर्भकोशात चारच केंद्रके असतात, तर बहुसंख्य सपुष्प वनस्पतींत आणि शिंगाड्यातही ती आठ असतात. शिवाय या कुळाचे परागकण सूक्ष्म चिकट धाग्यांनी एकमेकांस बांधलेले असतात. शिंगाड्याचा समावेश आता मेंदी व डाळिंब यांच्या कुळात होतो. ते कुळ ऑनेग्रेसीचे सर्वांत निकटचे असल्यामुळे शिंगाड्याने घर सोडले, तरी शेजार सोडला नाही, असे म्हणता येईल.

या कुळाने इतर शास्त्रांनाही काही दिले आहे. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊन क्लार्किया या फुलाच्या परागातील कण पाण्यात न्याहाळीत असता त्याला त्यांची अविरत हालचाल दिसली, आणि पदार्थविज्ञानात ‘ब्राऊनी गती’ हा शब्द आला. १८८६ साली हॉलंडमधील हिल्व्हरसुम येथे एका पडीक शेतात माजलेल्या ईनोथेराच्या झाडांत ह्यूगो द व्रीस याला वेगळ्या रूपाची रोपे आढळली. त्यांवरून नवी जाती एका उडीत निर्माण होते, असा सिद्धान्त त्याने १९०१ ते १९०३ च्या सुमारास मांडला. पुढील संशोधनात असे दिसून आले की, या वनस्पतीची बरीचशी गुणसूत्रे साखळीसारखी वर्तुळात जुळतात आणि तिच्यातील पुष्कळसे आकस्मिक बदल अशा गुणसूत्रांच्या विशेष वागणुकीतून उद्भवतात. सिद्धान्त त्या स्वरूपात टिकला नाही. परंतु आनुवंशिकीचा अभ्यास मात्र त्यामुळे फार पुढे गेला.

आता पुन्हा पाणलवंगेकडे वळू. केसरांच्या संख्येवर उभी असलेली लुडविजिया व जुसिया यांच्यामधील भिंत विसाव्या शतकात पडली. १९५३ साली जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ हारा यांनी, आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत पीटर रेव्हन यांनी, जुसियाच्या जाती लुडविजियात आणल्या. दैवगती अशी की, ज्या बेर्नार जुसियेच्या सन्मानार्थ लिनीअसने ते नाव ठेवले होते, त्याच्याच घराण्याने घालून दिलेल्या तत्त्वानुसार ते नाव मागे पडले. २००७ साली वॅग्नर, हॉक व रेव्हन यांनी प्रसिद्ध केलेल्या पुनर्रचनेत या कुळात २२ प्रजाती व सुमारे ६५० जाती आहेत, आणि कुळाचे दोन उपकुळांत विभाजन केलेले आहे. एका उपकुळात बाकीच्या सर्व प्रजाती आणि दुसऱ्यात एकटी लुडविजिया. कुळाच्या वंशवृक्षावर सर्वांत आधी वेगळी झालेली फांदी ती हीच. तिला इतरांपासून वेगळे करणारी लक्षणे कोणती? बीजकोशाच्या वर फुलाची नळी नसणे, आणि फूल गळाल्यानंतरही संदले बोंडावर कायम राहणे. म्हणजे ज्या लक्षणामुळे बोंड लवंगेसारखे दिसते, नेमके तेच!

याहून आणखी एक योग असा की, लवंग ज्या कुळातील आहे, ते जांभूळ-पेरूचे कुळ व ऑनेग्रेसी हे आज एकाच गणात गणले जातात. परंतु येथे जपून बोलावयास हवे. हे नाते लवंगेच्या आकारावरून सिद्ध झालेले नाही. खोडातील वाहिन्यांची अंतर्रचना आणि अलीकडे आनुवंशिक द्रव्याची तुलना यांनी ते सिद्ध झाले आहे. नाव ठेवणाऱ्या शेतकऱ्याला आधुनिक शास्त्र आधीच ठाऊक होते, असा अभिमान बाळगणे म्हणजे शास्त्राची आणि शेतकऱ्याचीही थट्टा होय. त्याने जे पाहिले ते बिनचूक पाहिले, एवढेच म्हणावे. आणि ते थोडे नाही.

शिक्षकाला या इतिहासातून घेण्याजोगे आहे ते हेच. लिनीअसने मोजले, जुसियेने तोलले, नंतरच्यांनी पेशीच्या आत डोकावून पाहिले; पण प्रत्येक पायरीची सुरुवात डोळे उघडे ठेवून पाहण्यातच होती. आपल्या मुलांना ऑनेग्रेसीची लक्षणे पाठ येतात. पण शाळेमागच्या ओहोळातील पाणलवंग ओळखता येत नाही. ते नाव आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि हळूहळू आपल्या बोलण्यातूनही नाहीसे होत आहे. एक शब्द गेला, तर केवळ शब्दकोशातील एक ओळ जात नाही. कित्येक पिढ्यांनी बांधावर उभे राहून केलेले एक निरीक्षण जाते. म्हणून शास्त्रीय नाव शिकविताना देशी नावही सांगावे, आणि ते का पडले असावे, हे बोंड हाती देऊन मुलांकडूनच काढून घ्यावे. वर्गीकरणाचा पहिला धडा याहून चांगल्या रीतीने देता येईल, असे मला वाटत नाही.