दिनविशेष : 28 जून
22 वर्षांच्या हामेसचा गोल

2014 : रिओच्या माराकाना मैदानावर विश्वचषकाच्या बाद फेरीत कोलंबियाने उरुग्वेला 2-0 असे हरवून प्रथमच उपांत्यपूर्व फेरी गाठली. दोन्ही गोल मधल्या फळीतल्या हामेस रॉद्रिगेसचे. पहिल्याची चर्चा आजही होते. गोलकडे पाठ असताना त्याने चेंडू छातीवर घेतला, गर्रकन वळला आणि तो जमिनीवर टेकू न देता डाव्या पायाने हाणला. चेंडू आडव्या खांबाला खालून चाटून आत. खरी करामत त्याआधीची : चेंडू येण्यापूर्वीच त्याने मान वळवून गोलचा अंदाज घेतला होता. होतकरू खेळाडूंनी घोटावी ती ही नजर, फटका नंतरचा. या गोलला वर्षातल्या सर्वांत देखण्या गोलचा पुश्काश पुरस्कार मिळाला. क्लबांत हामेस पुढे फारसा स्थिरावला नाही. तरी 2024च्या कोपा अमेरिका स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.