नराला एकच इंजेक्शन

१८ ऑक्टोबर १९६५. तुम्ही पैठणला गोदाकाठच्या गर्दीत उभे आहात. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी होते आहे. सगळ्यांचे डोळे तिकडे लागलेत. तुम्ही पाण्यात उतरा.

पोटरीला घासून एक मासा सुळकन जातो. कार्प कुळातला नर, अजून वयात न आलेला. त्याच्या आत शिरा. वाताशयाखाली दोन वृषणं आहेत, दोऱ्याएवढी बारीक. शुक्राणूंच्या मूळ पेशी तिथे आहेत, पण शेजारच्या सर्टोली पेशी एएमएच नावाचं संप्रेरक सोडून त्यांना थोपवून धरतात.

आता महिने भराभर उलटू द्या. हिवाळा सरला, दिवस मोठा झाला. माशाच्या मेंदूतल्या चेतापेशी जीएनआरएच हे संप्रेरक सोडू लागल्यात. माणसात हा निरोप रक्तातून पियूषिका ग्रंथीला पोचतो. माशात चेतातंतू थेट ग्रंथीतच शिरलेले असतात. ग्रंथीतून एफएसएच हे संप्रेरक निघतं. वृषणातल्या लायडिग पेशी ११-केटोटेस्टोस्टेरॉन बनवायला लागतात. माशांचं मुख्य नर-संप्रेरक ते हेच. एएमएच ओसरतं आणि मूळ पेशी दुभंगत सुटतात. इथे जरा थांबून नीट बघाच: एका पेशीची सगळी पिलावळ सर्टोली पेशींच्या एकाच पिशवीत, एकाच वयाची, बरोबरीनं पुढच्या टप्प्यात जाणारी. इतकी शिस्तशीर वाढ मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे. दोरा फुगतो, दुधी पांढरा होतो.

पाऊस लागला. गोदावरीला गढूळ लोंढा आला की पियूषिकेतून एलएच हे दुसरं संप्रेरक उसळतं, वीर्य पातळ होऊन वाहू लागतं आणि नर मादीच्या मागे लागतो.

२४ फेब्रुवारी १९७६. त्याच काठावर इंदिरा गांधी धरणाचं लोकार्पण करताहेत. समोर २७ दरवाज्यांची भिंत, मागे नाथसागर जलाशय. एवढ्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ सोडायचे तर बोटुकली हवी, आणि तळ्यात पाळलेले हे मासे आपणहून वीत नाहीत. लोंढा नाही, म्हणून एलएचची उसळी नाही. मेंदूतलं डोपामिन ती दाबून ठेवतं.

यावरचा तोडगा पाहायला मागे जा: १० जुलै १९५७, ओडिशातलं अंगुल. दुसऱ्या माशांच्या डोक्यातून काढलेल्या पियूषिकेचा अर्क टोचून हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी कार्प माशांचं प्रजनन घडवून आणताहेत. पुढे ओव्हाप्रिम हे तयार इंजेक्शन आलं. त्यात जीएनआरएचची नक्कल असते आणि डोपामिनला गप्प करणारं डॉमपेरिडोनही.

आता मत्स्यबीज केंद्रात या, हौदातला नर हातात घ्या. छातीचा पर चोळा, खरखरीत लागेल. पोट हलकेच दाबलं की पांढरं वीर्य येतं. अर्काच्या पद्धतीत मादीला सहा तासांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं देतात. नराला मादीच्या दुसऱ्या इंजेक्शनाबरोबर एकच, किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम. त्याच्या वृषणांनी बाकीचं काम महिन्यांपूर्वीच सुरू करून पुरं केलेलं असतं.