भोकरच्या बाजारातलं मिसरी नाव

बाळाचं नाव चारचौघांत नसलेलं हवं, ही हौस आता मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत आली आहे. आत्याबाईंनी सुचवलेली नावं बाजूला पडतात, मोबाईलवर याद्या उघडतात आणि कुणी कुणी थेट प्राचीन इजिप्तपर्यंत, म्हणजे मिसरपर्यंत, जाऊन पोचतं. होरस काय, नेफर्तिती काय. दुर्मिळ, अर्थपूर्ण आणि शाळेच्या हजेरीपटावर दुसरं सापडणार नाही असं.

भोकरकरांना खरं तर इतक्या लांब जायची गरज नाही. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं हे नांदेड जिल्ह्यातलं गाव. तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच बाजारात नांदतात. या बाजारात कुणी 'मूसाभाई' अशी हाक मारली तर खुद्द मूसाभाई सोडून कुणी मान वळवून बघणार नाही, इतकं ते नाव इथल्या कानांना सवयीचं आहे. आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वी नाईलच्या काठी आया आपल्या पोरांना ज्या नावानं हाका मारायच्या, त्याच नावाचं हे नातवंड आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

मूसा म्हणजे बायबलातला मोशे. इंग्रजीतून आपल्याकडे आला तेव्हा मोझेस झाला. इजिप्तच्या जुन्या भाषेत 'मेस' किंवा 'मोसे' म्हणजे जन्मलेला, लेकरू. तिकडची नावं यावरच बांधलेली असत. आहमोस म्हणजे चंद्रदेवापासून जन्मलेला, थुतमोस म्हणजे थोत देवाचं लेकरू, प्ताहमोस प्ताह देवाचं. रामसेस या दबदब्याच्या नावातही हाच शब्द दडलेला आहे: 'रा'नं, म्हणजे सूर्यानं, जन्माला घातलेला. एवढी लांब नावं घरात कोण घेतं? मग देवाचं नाव गळायचं आणि नुसता 'मोसे' उरायचा. आपल्याकडे देवीप्रसाद, गुरुप्रसाद, रामप्रसाद यांतला देव गळून नुसता प्रसाद उरला आणि ते स्वतंत्र नाव झालं, तसंच हे. प्रसाद कुणाचा, हे हाक मारताना कुणी विचारत नाही.

गंमत अशी की इजिप्तची विसरलेली लिपी उलगडली, ती याच अक्षरजोडीच्या आधारानं. १८२२ साली पॅरिसमध्ये शांपोल्यों हा विद्वान चित्रलिपीतली राजांची नावं लावत बसला होता. एका लंबगोल चौकटीत आधी सूर्याचं वर्तुळ, मग एक अनोळखी चिन्ह आणि शेवटी दोनदा 'स'. सूर्याला कॉप्टिक भाषेत, म्हणजे जुन्या इजिप्शियनच्या अखेरच्या रूपात, 'रे' म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. मधल्या चिन्हाच्या जागी 'म' घातला की रामसेस! दुसऱ्या चौकटीत थोत देवाचा आयबिस पक्षी आणि पुढे तेच अनोळखी चिन्ह. म्हणजे थुतमोस. ते चिन्ह कोल्ह्याची तीन कातडी एकत्र बांधल्याचं, आणि त्याचा उच्चार 'मेस'. इजिप्शियनसोबत ग्रीक मजकूरही असलेल्या रोझेटा शिळेवर तेच चिन्ह वाढदिवसाच्या उल्लेखात आलेलं, आणि जन्म देणे याला कॉप्टिकमध्ये शब्द 'मिसे'. ताळा जुळला. हजाराहून अधिक वर्षं मुकी पडलेली लिपी बोलती झाली, तिच्या पहिल्या काही शब्दांत 'लेकरू' हा एक होता.

पण राजांच्या गोष्टी राहू द्या. नुसता 'मोसे' नावाचा एक साधा कारकून इतिहासात आहे, आणि तो मराठवाड्याच्या माणसाला राजांपेक्षा जवळचा वाटेल. मेम्फिसच्या प्ताह मंदिराच्या खजिन्यातला हा लेखनिक दुसऱ्या रामसेसच्या काळातला, म्हणजे इसवी सनपूर्व तेराव्या शतकातला. सक्कारा इथे त्याची कबर आहे. कबरीच्या भिंतीवर माणसं एरवी पुण्याईच्या गोष्टी कोरून घेतात. यानं कोरून घेतला तो जमिनीचा दावा. अॅलन गार्डिनर या इंग्रज अभ्यासकानं १९०५ साली तो वाचून छापला.

दावा असा: मोसेचा पूर्वज नेशी याला आहमोस राजानं बक्षीस म्हणून जमीन दिली होती. जवळजवळ पावणेतीनशे वर्षं ती वंशात चालत आली. पुढे भाऊबंदकी सुरू झाली. उर्नेरो नावाची बाई सगळ्या भावंडांच्या वतीनं जमिनीची वहिवाट पाहू लागली, तर तिची बहीण ताखारू वाटणीसाठी उभी राहिली. उर्नेरोचा मुलगा हुय जमीन कसत होता, तो वारला. त्याची विधवा नुबनोफ्रेत शेतात उतरली, तर खाय नावाच्या माणसानं तिला हुसकून लावलं. बाई न्यायालयात गेली. सरकारी दप्तर आणवलं, तर त्यात तिच्या घरच्यांचं नावच नाही! जमीन खायकडे गेली. मोसे हा हुय आणि नुबनोफ्रेतचा मुलगा. मोठा झाल्यावर त्यानं म्हटलं, दप्तरात खाडाखोड झाली आहे, गावातल्या जाणत्या माणसांना विचारा मी नेशीच्या वंशातला आहे की नाही. साक्षीदार उभे राहिले, एकेकानं शपथ घेऊन सांगितलं, हुय हा नेशीचाच वंशज, तो दरसाल ती जमीन कसत असे. निकालाचा मजकूर पुरता शिल्लक नाही, पण हरलेला दावा कुणी स्वतःच्या कबरीवर कोरून घेत नाही. फेरफार, वारसनोंद आणि सातबाऱ्यावरून गायब झालेलं नाव ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा मोसे तलाठी कार्यालयाच्या ओसरीवर बसलेला दिसेल.

आता बायबल या नावाचा वेगळाच उगम सांगतं. फारोच्या मुलीला नदीत वाहत आलेल्या पेटीत मूल सापडलं, पाण्यातून ओढून काढलं म्हणून 'मोशे'. हिब्रूत 'माशा' म्हणजे ओढून काढणे. पण इजिप्तची राजकन्या मुलाचं नाव हिब्रूत कशाला ठेवील? हा प्रश्न अनेकांना पडला. सिग्मंड फ्रॉइडनं १९३९ साली या नावाच्या आधारे मोशे जन्मानंच इजिप्शियन होता, असा मोठा मनोरा रचला. मला तो मनोरा डळमळीत वाटतो. नाव एका देशाचं आणि माणूस दुसऱ्या समाजाचा, हे तर आपल्या गल्लीतही दिसतं. भाषेचे जाणकार आणखी एक खोच काढतात. इजिप्तचा 'स' हिब्रूत जाताना बहुधा 'स'च राहतो, बायबलातल्या रामसेसमध्ये राहिलाही आहे. मग मोशेत 'श' कुठून? याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून नाही, तरी बहुमत इजिप्तच्याच बाजूनं आहे.

अरबीत मात्र पुन्हा 'स' आला आणि मूसा झाला. कुराणात इतर कुठल्याही पैगंबरापेक्षा मूसाचं नाव अधिक वेळा येतं, शंभराहून कितीतरी जास्त. त्यामुळे सातव्या दिवशी अकीका करून, जावळ उतरवून बाळाला नाव देणाऱ्या घरांत ते जगभर पोचलं. महाराष्ट्रात दुसऱ्या वाटेनंही आलं. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी आपल्या बायबलातल्या नावांना सरळ मराठी 'जी' लावला: मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग उभारणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. याच समाजाचे डॉ. एलायजा मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळीला जाणारा टॅक्सीवाला 'ई मोझेस रोड' म्हणतो, तेव्हा त्याच्याही तोंडी सक्काऱ्याच्या कारकुनाचं नाव असतं.

नाईलकाठचं आणखी एक नाव आपल्याकडे आहे, ते मुलींचं. कमळाला तिथे 'सेशेन' म्हणत. हिब्रूत ते शोशन्ना झालं, युरोपात सुसान, फारसी-उर्दूत सोसन. लिलीच्या पात्यासारख्या वाकाच्या तलवारीला दख्खनेत सोसनपत्ता म्हणत, म्हणजे इजिप्तचं कमळ मराठी फौजांच्या कमरेलाही लटकून गेलं. आणि नावाचं नसलं तरी झाडाचं नातं सांगायचा मोह आवरत नाही: भोकराच्या जातीचं झाड इजिप्तमध्येही होतं आणि त्याच्या फळांचं मद्य तिथे करत, असं प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलं आहे. आपण लोणचं घालतो.

मूसा या नावाची दख्खनेतली खरी करामत मात्र अठराव्या शतकातली. निजामाकडे फ्रेंच सरदार आले. फ्रेंचांत कुणाही भल्या माणसाला 'मस्यो' म्हणायची रीत. हा 'मस्यो' मराठी कानाला ओळखीचा वाटला असावा तो मूसाच्या जवळचा म्हणून. त्यामुळे बुसी हा सेनापती मराठी लिखाणात 'मुसाबुसी' होऊन बसला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला निजामाचा पराभव झाला, तेव्हा मराठ्यांच्या बाजूनं तोफा चालवणारा इब्राहिमखान गारदी याच मुसाबुसीच्या तालमीतला.

त्यानंतर आला मिशेल रेमों. निजाम अलीखानाची कवायती फौज त्यानं उभी केली आणि मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत तो मराठ्यांसमोर उभा होता. निजाम हरला, तरी रेमोंची लोकप्रियता काही कमी झाली नाही. 'मस्यो रेमों' हे लोकांच्या जिभेवर बसेना. मग मुसलमान त्याला मूसा रहीम म्हणू लागले आणि हिंदू मूसा राम. मिसरी 'लेकरू' आणि अयोध्येचा राजा असा जोड एका फ्रेंच माणसाच्या नावात झाला, आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. १७९८ च्या मार्चमध्ये तो वारला. हैदराबादेत त्याच्या कबरीवर इजिप्तच्या सूचीस्तंभाच्या घाटाचा दगडी स्तंभ आहे आणि त्यावर 'जेआर' एवढीच दोन रोमन अक्षरं आहेत. लोकांनी ती वाचली नाहीत. कबरीजवळच्या वस्तीचं नाव मूसारामबाग पडलं, आणि आता तिथल्या मेट्रो स्थानकावरही तेच आहे.