जिंकलेला नेपोलियन

नेपोलियन शेवटी हरला, हे आपण सर्वांनी शाळेत घोकलेलं आहे. लुई जॉफ्र्वा नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाला मात्र ते काही केल्या पटेना. माणसं अशा वेळी बायकोपाशी कुरकुरतात आणि झोपतात. या पठ्ठ्याने 1836 साली सबंध पुस्तकच लिहून काढलं. त्यात नेपोलियन हरतच नाही!

युक्ती साधी आहे. खरा नेपोलियन 14 सप्टेंबर 1812 ला मॉस्कोत शिरला आणि झारकडून तहाचा निरोप येईल म्हणून पाच आठवडे बसून राहिला. वरात दारात आणि मुलीकडची मंडळी गावाला गेलेली, तशी गत! निरोप आला नाही, हिवाळा मात्र आला. पुस्तकातला नेपोलियन असला वेळ दवडत नाही. तडक सेंट पीटर्सबर्गवर चालून जातो. मग काय, रशिया पडतो, इंग्लंड पडतं, आशिया पडतो आणि अखेर अख्खी पृथ्वी एका सम्राटाची होते. वॉटर्लूच नाही, म्हणजे 1803 मध्ये आपल्या आसईला शिंदे-भोसल्यांना हरवून नाव कमावलेल्या त्या वेलस्लीचं पुढचं मोठेपणही नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मराठी माणसाने जॉफ्र्वाला सगळं माफ करावं.

खरी बहार पुढेच आहे. मध्येच एक प्रकरण खर्ची घालून हा लेखक वॉटर्लू आणि सेंट हेलेनाच्या ‘बनावट’ गोष्टी रचणाऱ्यांवर तोंडसुख घेतो! घडलेल्या इतिहासालाच भाकडकथा ठरवायची ही छाती इतिहासकारांत कुठली? (आहे म्हणता? असेल, असेल.)

सेंट हेलेनावर 1821 मध्ये मेलेल्या नेपोलियनला जॉफ्र्वाने वरची अकरा वर्षं देऊ केली. त्याचा सम्राट मरतो तो 1832 साली. नेमक्या त्याच साली, 22 जुलैला, नेपोलियनचा खराखुरा मुलगा व्हिएन्नात क्षयाने गेला. वय एकवीस. जन्मला तेव्हा पॅरिसमध्ये 101 तोफा झाल्या होत्या. 1815 च्या जूनमध्ये बापाने त्याच्या नावे गादी सोडली, तेव्हा पोरगं चार वर्षांचं, आजोळी ऑस्ट्रियात. कागदोपत्री राज्य जेमतेम दोन आठवडे. आजोळी त्याचं नेपोलियन हे नावसुद्धा ठेवलं नाही, फ्रान्झ म्हणत.

पुढे 1852 मध्ये चुलतभाऊ सम्राट झाला. त्याने स्वतःला तिसरा नेपोलियन म्हणवून घेतलं, दुसऱ्याचा आकडा तेवढा मोकळा सोडला.