लाकडावरील धाव

आपल्या ज्ञातीतील सुतार व लोहार यांनी एकत्र येऊन साधलेली विद्या म्हणजे गाडीचे चाक. पूर्णेवरील सिद्धेश्वराचे धरण 1968 साली पुरे झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून या पंचक्रोशीत बाभळीच्या पुठ्ठ्यांवर धाव चढविली जात असे. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड ठेवावयाची, गोवऱ्यांच्या जाळात तापवून फुगवावयाची, चाकावर बसवून तत्काळ पाणी ओतावयाचे. लोखंड आकसते आणि तुंबा, आरे, पुठ्ठे एकमेकांत आवळले जातात. उन्हाळ्यात मात्र लाकूड सुकून धाव सैल होई. धातू व लाकूड यांचे स्वभाव भिन्न, हेच या जोडणीचे मूळ दुखणे होय.

विमानविद्येपुढेही तोच प्रश्न आला. लाकूड हे तंतू व चिकट द्रव्य यांचे निसर्गनिर्मित संमिश्रच आहे. 1941 साली इंग्लंडात डी ब्रुइन यांनी 'रेडक्स' हा गोंद सिद्ध केला. 1944 साली उडालेल्या 'हॉर्नेट' विमानात त्याने लाकूड व ॲल्युमिनियम जोडले गेले. पुढे लाकडाच्या जागी कार्बनतंतू आले. रिव्हेटसाठी भोक पाडावे तर तंतू तुटतात. कार्बनाला ॲल्युमिनियम भिडून ओल लागली तर ॲल्युमिनियम झिजते. म्हणून मध्ये काचतंतूंचा थर घालतात, अथवा महागडे टायटॅनियम वापरतात. 2001 साली प्रथम उडालेल्या आपल्या 'तेजस'मध्ये असे तंतुमय भाग विपुल आहेत.

रबरी चाके आली आणि धाव मागे पडली. आजोबांचा धंदा सांगावयास आपले तरुण संकोचतात, हे आम्हांस खटकते. ज्यांच्या घरी जुनी धाव पडून असेल, त्यांनी ती भंगारात घालण्यापूर्वी घेर मोजण्याची रीत वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यावी.