मराठेकालीन पत्रांतील आग्रहदर्शक शब्दांचे मोल

इ. स. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. तेव्हापासून मराठेकालीन पत्रे विपुल प्रमाणात छापली गेली आहेत. त्यांतून अभ्यासकांनी तिथी, फौजांच्या हालचाली, देण्याघेण्याच्या रकमा व नातेसंबंध शोधून काढले. 'बहुत', 'विशेष', 'जरूर', 'सत्वर' अशा शब्दांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. व्याकरणकार त्यांपैकी काहींना परिमाणवाचक वा रीतिवाचक क्रियाविशेषणे म्हणून एका ओळीत निकालात काढतात, आणि इतिहासकार त्यांना पत्रातील अलंकार समजून पुढे जातो. परंतु पत्र लिहिणारा खरोखरच निकडीत होता की केवळ रिवाज पाळीत होता, हे ठरविण्याचा प्रसंग आला म्हणजे निर्णयाचा भार ह्याच शब्दांवर येऊन पडतो. त्यांचा अर्थ कोशातून जसाच्या तसा उचलला, तर प्रत्येक पत्रात निरतिशय स्नेह आणि प्रत्येक हुकुमात पराकाष्ठेची निकड दिसू लागेल.

ह्या दृष्टीने 'विशेष' हा शब्द सर्वांत बोधप्रद आहे. पत्राच्या आरंभी ज्याला लिहावयाचे त्याची पदवी व नाव, मग नमस्कार वा आशीर्वाद, मग येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहिण्याची विनंती, आणि त्यानंतर एकटाच 'विशेष' असा क्रम असंख्य पत्रांत आढळतो. येथे 'विशेष' हा कशाचेही आधिक्य सांगत नाही. मायना संपला, आता कामाचा मजकूर सुरू होतो, एवढेच तो सुचवितो. मोडी लिपीत आधी ओळ आखून घेऊन तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जाण्याचा प्रघात होता; शब्दाशब्दांत अंतर नसे आणि विरामचिन्हेही नसत. अशा लेखनात नवा परिच्छेद दाखविण्याचे काम एखाद्या शब्दालाच करावे लागते. महत्त्व दर्शविणारा शब्द अशा रीतीने जवळजवळ चिन्ह होऊन बसला. विसाव्या शतकातील घरगुती पत्रांच्या माथ्यावरील 'सा. न. वि. वि.' ह्या आद्याक्षरांतील शेवटचा 'वि.' तो हाच. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना तो पुरता उलगडून सांगता आला असता, हा प्रश्न वेगळा.

शेवटाकडे 'बहुत' येतो. 'बहुत काय लिहिणे' हे समाप्तीचे वाक्य 'जाणिजे', 'हे विनंती', 'हे आशीर्वाद' ह्यांच्या पंक्तीतील होय. ह्यांतून कोणते योजावे, हे पत्र लिहिणारा व घेणारा ह्यांच्या परस्पर पायरीवर अवलंबून असे. काही पत्रांत दोन एकत्रही येतात. 'बहुत' हा शब्द येथे स्वतःलाच नाकारतो. फार लिहिण्याचे कारण नाही, कारण वाचणारा सुज्ञ आहे, असा त्याचा भाव. अशा 'बहुत'वरून मजकुराची निकड मोजणे व्यर्थ होय. तोच शब्द मायना संपल्यावर, कामाच्या मजकुराच्या मध्यभागी आला तर मात्र त्याचे वजन निराळे मानावे लागते. रिवाजाने नेमून दिलेल्या जागेवरचा शब्द रिवाजाचा. जागा सोडून आलेला शब्द लिहिणाऱ्याचा.

अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांची कथा ह्याहून रंजक आहे. अरबी व्याकरणात 'ताकीद' ही शब्दावर जोर देण्याच्या क्रियेची पारिभाषिक संज्ञा आहे. मराठी दप्तरात येता येता तिचा अर्थ कडक आज्ञा असा झाला. परंतु आज्ञा रोजच्याच झाल्या म्हणजे त्यांची धार बोथट होते. म्हणून जोर देणाऱ्या ह्या शब्दालाच जोर देण्यासाठी 'सक्त' हा दुसरा शब्द जोडावा लागला. 'जरूर' हा मुळात अपरिहार्यता सांगणारा. 'जरूर आहे' ह्यात ती अजून शिल्लक आहे. 'जरूर या' ह्यात ती आर्जवापुरती उरली. फारसी 'खूब' म्हणजे चांगले. मराठीत 'खूप' म्हणजे पुष्कळ. हा प्रवास परकी शब्दानेच केला असे नाही. 'बरा' ह्या शब्दावरून 'बराच' आणि 'चांगला' ह्यावरून 'चांगलाच मार' सिद्ध झाले आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडिताने रचलेल्या राजव्यवहारकोशात दहा वर्ग पाडून यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. परंतु त्यात मुख्य भरणा अधिकारी, शस्त्रे, दुर्ग, पण्य अशा नामांचा आहे. नामे हुकुमाने बदलता येतात. जोर देण्याची सवय तशी बदलत नाही, आणि 'जरूर', 'सक्त', 'खूप' हे तिघेही मराठीत आजतागायत नांदत आहेत.

ज्या पत्रांत खरोखर निकड आहे, ती बहुधा परिमाणवाचक शब्दांवर विसंबत नाहीत. इ. स. १६७३ मध्ये चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांस शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा व वैरण बेताने न वापरली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्यांचे धान्य, भाजी, गवत घेऊ लागतील. रयतेला मोगलांपेक्षाही तुम्ही अधिक वाटाल. पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवत व पागा जळून जाईल, इतक्या तपशिलापर्यंत हे पत्र उतरते. गोष्ट किती महत्त्वाची हे तेथे परिणामांची साखळी सांगते. तिच्यातील एक दुवा काढला तर आज्ञा दुबळी होईल. 'बहुत' वा 'अत्यंत' काढला तर फारसे काही बिघडणार नाही.

ह्या रीतीचे टोक पानिपतच्या वार्तेत दिसते. १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रावरून कळली, असे ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नमूद केले आहे. मराठी परंपरेतही ते पत्र सर्वश्रुत आहे. त्यात 'फार' नाही, 'अत्यंत' नाही, शोकाचा शब्दही नाही. मोत्ये, मोहरा आणि खुर्दा असा नाण्यांच्या पेढीवरचा उतरता क्रम आहे. मोत्ये म्हणजे भाऊसाहेब व विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि ज्याची गणती नाही तो खुर्दा म्हणजे इतर लोक. सावकाराला मोल सांगण्यासाठी विशेषणाची गरज नसते. नाण्याचे नाव पुरते. मोहरांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. मोत्ये मात्र सर्वत्र दोनच आहेत.