दृष्टिदोष निवारणाची लेसर शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गेलेली दृष्टी परत मिळविण्यासाठी केली जाते. चष्म्याचा नंबर घालविण्याची शस्त्रक्रिया मात्र बहुधा अशा डोळ्यावर केली जाते, की ज्याला चष्म्याने उत्तम दिसत असते. त्यामुळे तिच्या सुरक्षिततेची कसोटी अधिक कठोर असणे क्रमप्राप्त ठरते. ही कसोटी कोणत्या पद्धतीने किती पार पाडली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे सुमारे दोन तृतीयांश वक्रीभवन पारपटलावर, म्हणजेच कॉर्नियावर होते. त्याची मध्यभागातील जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. निकटदृष्टितेत दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. पारपटल मध्यभागी किंचित सपाट केल्यास ती योग्य जागी येते. पुढील सर्व पद्धती याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

लेसरपूर्व प्रयत्न

जपानमधील त्सुतोमु सातो यांनी १९३० च्या दशकापासून पारपटलाला छेद देण्याचे प्रयोग केले. हे छेद आतील पृष्ठभागावरही दिले जात. प्रारंभीचे निष्कर्ष आशादायक होते. परंतु पारपटलातील पाणी बाहेर टाकून ते पारदर्शक ठेवणारा आतील पेशींचा थर एकदा नष्ट झाला की पुन्हा निर्माण होत नाही, याचे ज्ञान त्या काळी नव्हते. शस्त्रक्रियेनंतर दहा-वीस वर्षांनी अनेक रुग्णांची पारपटले सुजून धूसर झाली.

होसे इग्नासिओ बाराकेर यांनी १९४९ मध्ये वेगळी कल्पना मांडली. पारपटलाचा पातळ थर कापून, गोठवून, लेथवर घासून पुन्हा बसविण्याची ही पद्धत त्यांनी पुढे कोलंबियातील बोगोटा येथे विकसित केली. ती अत्यंत कौशल्याची असल्याने मर्यादित राहिली. मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात फक्त बाह्य पृष्ठभागावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेत तिचा दहा वर्षे पाठपुरावा करण्यात आला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शस्त्रक्रियेच्या सहा महिन्यांनंतरच्या स्थितीशी तुलना करता, ४३ टक्के डोळ्यांचा नंबर दूरदृष्टितेच्या दिशेने एक डायॉप्टर वा अधिक सरकला होता. शस्त्रक्रिया संपली, तरी तिचा परिणाम थांबला नव्हता.

एक्सायमर लेसरचा उदय

नोव्हेंबर १९८१ मध्ये आयबीएमच्या न्यूयॉर्क राज्यातील प्रयोगशाळेत मद्रास येथे जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या अवशेषांवर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण सोडले. कडेच्या ऊतीला न जाळता नेमका छेद पडला. नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या सहकार्याने पारपटलावर केलेले प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. लेसरने केवळ छेद देण्याऐवजी पृष्ठभागालाच आकार देता येईल, हा विचार यातून बळावला आणि पीआरके ही पद्धत जन्मास आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला १९९५ मध्ये मान्यता दिली.

उपलब्ध पर्याय

पीआरकेमध्ये बाह्य पेशीथर काढून त्याखालील भागावर लेसर वापरतात. काही दिवस वेदना होतात व दृष्टी सावकाश स्थिरावते. ही अडचण दूर करण्यासाठी ग्रीसचे योआनिस पालिकारिस प्रभृतींनी १९९० च्या सुमारास बाराकेर यांची थर कापण्याची कल्पना लेसरशी जोडली. हीच लॅसिक होय. यात पातळ झडप उचलून आतील भागावर लेसर वापरतात व झडप पुन्हा बसवितात. दुसऱ्याच दिवशी दिसू लागते. परंतु झडप पूर्ववत मजबूत होत नाही. लॅसिकनंतर पारपटल कमकुवत होऊन पुढे फुगल्याची उदाहरणे थिओ सायलर यांनी १९९८ मध्ये नोंदविली. तेव्हापासून शस्त्रक्रियेपूर्वी पारपटलाची जाडी व आकार तपासण्याचे महत्त्व वाढले. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेल्या स्माइल पद्धतीत फेम्टोसेकंद लेसरने आतल्या आत सुटी केलेली चकती लहान छेदातून बाहेर काढतात. झडप टळते, मात्र या पद्धतीचा अनुभव तुलनेने कमी वर्षांचा आहे. पातळ पारपटल असणाऱ्यांसाठी आजही अनेकदा जुन्या पीआरकेचाच विचार केला जातो.

समारोप

शस्त्रक्रियेनंतर डोळे कोरडे पडणे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे यांसारखे त्रास काहींना होतात. रुग्णाला ते आधीच स्पष्टपणे सांगावेत, असा मसुदा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. शिवाय दूरचा नंबर घालविल्याने वयानुसार येणारी चाळिशी टळत नाही.

सातो आणि फ्योदोरोव यांच्या पद्धतींचे खरे मूल्यमापन दहा-वीस वर्षांनी झाले, आणि ती किंमत शल्यचिकित्सकांनी नव्हे, तर रुग्णांनी मोजली. म्हणूनच पर्याय निवडताना यंत्र किती नवे आहे यापेक्षा डोळा कसा आहे आणि त्या पद्धतीचा किती वर्षांचा पाठपुरावा उपलब्ध आहे, हे दोन प्रश्न प्रथम विचारले जाणे आवश्यक आहे.